मंगळवारची लाल बाटली

मला आता रांगेचा कंटाळा आलाय. चौतीस वर्षं लोकांना रांगेत उभं केलं, आणि गेली सहा वर्षं सरलेला घेऊन स्वतः रांगेत बसतोय. सरला माझी बायको. संधिवाताने तिच्या हातांची बोटं वाकडी झालीत. सकाळी तिला चहाचा कप उचलवत नाही आणि तिची वेणी मी घालतो.

"अहो, ही वेणी आहे की सुंभ?" ती रोज विचारते.

"सुंभच आहे. आता बैलाला बांधतो," मी रोज सांगतो. बाहत्तराव्या वर्षी माणसाने आणखी काय नवीन बोलायचं?

जिल्ह्याच्या दवाखान्यात त्या दिवशी चार तास बसलो होतो. शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने मला ओळखलं. "तुम्ही निमखेडचे कंपाउंडर ना? भगवंत इंगळे? साठ्ये डॉक्टरांकडचे? अहो, तुमचा हात काय हलका होता! सुई टोचलेली कळायची नाही." हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. खरं सांगतो, ऐकायला आवडायचं. साठ्ये डॉक्टर जाऊन वीस वर्षं झाली, दवाखान्याच्या जागेवर मोबाईलचं दुकान आलं, पण निमखेडच्या बाजारात अजून लोक मला वाकून नमस्कार करतात.

आमचा नंबर लागला. डॉक्टर तेजल वानखेडे. वय पस्तिशीचं, बोलणं स्पष्ट, आणि डोळ्यांखाली कायम काळं. तिने सरलेचा अहवाल पडद्यावर उघडला आणि तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

"काकू, तुमचं औषध आज सुरू करता येणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या यकृतात ब प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे."

"मला? कावीळ?" सरला म्हणाली. "मला जन्मात कावीळ झाली नाही. आणि गेल्या वर्षीच्या तपासणीत निगेटिव्ह आलं होतं. कागद आहे माझ्याजवळ."

"कागद बरोबर आहे, काकू. तपासणी कमी पडली."

मग तिने समजावून सांगितलं, आणि मला मान्य करायला हवं की चांगलं सांगितलं. हा विषाणू रक्तातून शिरतो. धडधाकट मोठ्या माणसाचं शरीर त्याला बहुतेक वेळा दाबून टाकतं. कळतही नाही, चार दिवस अंग मोडून येतं, संपलं. पण तो जात नाही. यकृताच्या पेशीच्या गाभ्यात त्याच्या जनुकांचं एक बंद कडं पडून राहतं, चाळीस चाळीस, पन्नास पन्नास वर्षं. शरीराच्या पहारेकरी पेशी त्यावर डोळा ठेवून असतात म्हणून ते गप्प असतं. सरलेला जे औषध द्यायचं होतं, ते नेमकं या पहारेकऱ्यांनाच सहा सहा महिने घरी बसवतं, कारण तेच तिच्या सांध्यांना चावत होते. पहारा उठला की कडं जागं होतं, आणि मग यकृत काही आठवड्यांत बसतं.

"आणि सगळ्यांचा विषाणू सारखा नसतो," तेजल म्हणाली. "याची जनुकं म्हणजे जेमतेम तीन हजार दोनशे अक्षरं. काकूंच्या विषाणूत त्यातली काही बदललेली आहेत. एक बदल त्याच्या वरच्या आवरणात आहे, म्हणून जुन्या तपासणीला तो दिसतच नाही. दुसरा बदल त्याच्या चालू-बंद करण्याच्या जागेत आहे, म्हणून एकदा उठला की दुप्पट वेगाने वाढतो. लोखंडे बाईंचं असंच झालं."

लोखंडे बाई आमच्या गावच्या मास्तरीण. गेल्या वर्षी रक्ताच्या आजारावर त्यांना औषध दिलं. तपासणी निगेटिव्ह, म्हणून कोणी काही बघितलं नाही. चार महिन्यांत पिवळ्या होऊन गेल्या. त्यानंतरच जिल्ह्याला हे नवं यंत्र मिळालं. ते रक्ताच्या थेंबात यकृतातून सुटलेले विषाणूचे तुकडे शोधतं आणि अक्षर न् अक्षर वाचतं. प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलंही औषध सुरू करण्याआधी ते आता सक्तीचं होतं.

"मग आता हिचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. रोज एक गोळी. महिनाभर गोळी घेतली की सांध्यांचं औषध बिनधास्त सुरू करू. कळलं की संपलं, काका. कळत नाही तोवरच धोका आहे."

मी सरलेला उठवायला हात दिला. पण तेजलने पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर एक झाड होतं, फांद्या फुटलेलं.

"हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो आणि चुका दुरुस्त करत नाही," ती म्हणाली. "शाळेत दोन मुलांच्या पेपरात तीच चूक सापडली तर मास्तर काय म्हणतात?"

"एकाचं बघून दुसऱ्याने लिहिलं."

"तेच. तालुक्यातल्या एक्केचाळीस माणसांच्या विषाणूत त्याच चुका आहेत. काकूंसकट. सगळे एकाच माणसाच्या विषाणूपासून निघालेत. किती चुका साठल्यात यावरून यंत्र काळही सांगतं. सत्त्याऐंशी ते ब्याण्णवच्या दरम्यान, निमखेडमध्ये." ती माझ्याकडे वळली. "काका, आणखी शंभरएक तरी माणसं असतील, ज्यांना पत्ता नाही. कोणाला उद्या दम्यासाठी स्टिरॉइड देतील, कोणाला कॅन्सरचं औषध. तुम्ही तेव्हा तिथे होतात. रक्तातून रक्तात हे कशातून गेलं असेल?"

"आठवत नाही बुवा," मी म्हणालो.

सरला माझ्याकडे बघत होती. मी तिची पिशवी उचलली.

---

गावाला मात्र उत्तर चुटकीसरशी सापडलं. ग्रामसभेत तेजलने माहिती दिली आणि तासाभरात मोबाईलवर फिरायला लागलं, वस्तरा! शामराव मानकरचा वस्तरा. त्या काळी पंचक्रोशीत दाढी करायला शामरावच होता. एकच वस्तरा, एकच तुरटीचा खडा. झालं, शामरावने गाव नासवलं. त्याच्या मुलाचं आज बसस्टँडवर झकास एसी सलून आहे, तीन खुर्च्यांचं. तिथे एक गिऱ्हाईक फिरकेना. कोणीतरी शटरवर कोळशाने कवटी काढली.

शामराव माझा शाळेपासूनचा दोस्त. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि रडायला लागला.

"भगवंता, गाव तुझं ऐकतं," तो म्हणाला. "दोन शब्द बोल माझ्यासाठी. मी वस्तरा डेटॉलमध्ये बुडवायचो. तू स्वतः डेटॉलची बाटली आणून दिली होतीस, आठवतं?"

"आठवतं की."

"मग सांग ना त्यांना."

"सांगतो," मी म्हणालो. सरलेने चहा आणला, दोन्ही तळव्यांत कप धरून. आम्ही चहा प्यालो. मी कोणालाही काही सांगितलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर संन्याशाबरोबर बशीत चहा ओतून फुंकर मारतोय. अशी माझी गत होती.

कारण मला आठवत होतं. सगळंच.

निमखेडचा बाजार मंगळवारचा. आठ-दहा खेड्यांतली माणसं यायची, मिरची-कांदा घ्यायची, आणि जाता जाता दवाखान्यात सुई टोचून घ्यायची. दुखणं काहीही असो, सुई टोचल्याशिवाय डॉक्टरने काही केलं असं त्यांना वाटायचंच नाही. आणि सगळ्यांत लाडकी ताकदीची लाल सुई. जीवनसत्त्वाचं औषध, डाळिंबाच्या रसासारखं लाल. एका बाटलीत दहा-पंधरा जणांचं भागायचं. वर रबराचं बूच. त्यात सुई खुपसायची, ओढायचं, टोचायचं. उन्हात उभं राहायला नको म्हणून लोक आपापल्या चपला रांगेत ठेवून झाडाखाली बसायचे. मी दारात येऊन चपलेकडे बोट दाखवायचो, "कोल्हापुरी, तुटका अंगठा, पुढे या!" माणसाआधी मला चपला पाठ झाल्या होत्या. धुरपतामावशी खरात यायची, टायरच्या वहाणा, कडेवर चार वर्षांचा अंबादास. पोराला भूक लागत नाही म्हणून त्यालाही अर्धी लाल सुई. हा अंबादास पुढे पस्तिशीत यकृत सडून मेला. दारूने मेला, असं गाव म्हणतं. मीही तेच म्हणत आलो.

सत्तर-ऐंशी माणसं, काचेच्या सहा सिरिंज, तीस सुया, आणि रॉकेलचा एक स्टोव्ह. काय काय उकळणार? डॉक्टर म्हणायचे, "भगवंत, सुई बदल म्हणजे झालं." वापरलेल्या सुया स्टोव्हवर उकळत टाकून मी सुई बदलायचो. प्रत्येक माणसाला. याचा मला अभिमान होता. दुसऱ्या दवाखान्यांत तेवढंही करत नव्हते.

---

आठवड्याने तेजल स्वतः माझ्या घरी आली. शामरावच्या बंद शटरसमोरून येताना तिने ती कवटी बघितली होती.

"मूर्खपणा आहे," ती म्हणाली. "एक्केचाळीसपैकी तेवीस बायका आहेत, काका. बायका काय दाढी करत होत्या?"

"नवऱ्यांकडून आलं असेल, असं म्हणतात."

"त्यातल्या नऊ जणींचे नवरे निर्दोष आहेत. यंत्राने तपासलेत. तुम्हीही निर्दोष आहात." ती पाणी प्यायली. "शिवाय माझ्या यादीतले पाच जण तेव्हा लहान मुलं होती. मोठ्यांचं शरीर याला दाबतं, पण पाचेक वर्षांच्या पोराला झाला तर तो जन्मभर मुक्काम ठोकतो आणि यकृत आतून खात राहतो. लहान मुलं आणि बायका. मला दवाखान्याचाच संशय आहे. तुम्ही सुया बदलत होतात?"

"दर माणसाला."

"आणि सिरिंज?"

मी खोटं बोललो. "सगळं उकळायचो," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास होता हीच पंचाईत होती. "नावं हवी आहेत हो, काका," ती उठताना म्हणाली. "साठ्ये डॉक्टरांचे कागद वाळवीने खाल्ले. माझ्याकडे यंत्र आहे, गोळ्या आहेत, फक्त माणसं कोण ते माहीत नाही. तालुक्यातल्या लाखभर लोकांना सरसकट तपासायला सहा वर्षं लागतील. तोवर लोखंडे बाईंसारखे किती जातील, सांगा."

ती गेली. सरला निवडायला घेतलेली मेथी तशीच मांडीवर ठेवून बसली होती.

"अहो, इकडे बसा," ती म्हणाली.

"वेणी घालायची आहे?"

"वेणी खड्ड्यात गेली. बसा."

मी बसलो.

"बाळंतपणानंतर मला शक्ती नव्हती तेव्हा तुम्ही मला लाल सुया दिल्या होत्या. घरी. दहा की बारा."

"बारा."

"तुम्ही सुईपण उकळायचात आणि काचेची सिरिंजपण. वीस मिनिटं. घड्याळ लावून. मी म्हणायचे, एवढं रॉकेल कशाला जाळता, आणि तुम्ही म्हणायचात, बायको एकच आहे." तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "मग मला कुठून आलं? मी कधी त्या मंगळवारच्या रांगेत उभी नव्हते."

मी सहज म्हणणार होतो, कुणास ठाऊक. आणि तेव्हाच मला ती बाटली दिसली. खरंच सांगतो, डोळ्यांसमोर दिसली. मंगळवारी संध्याकाळी दवाखाना बंद करताना तळाशी राहिलेली बोटभर लाल. डॉक्टर म्हणायचे, "ने घरी भगवंत, बायकोला दे, बुधवारी नवी फोडू." आणि मी ती रुमालात गुंडाळून, खिशात घालून, जपून आणायचो.

नवी सुई, पण तीच सिरिंज. टोचताना सिरिंजमध्ये उलटं येणारं रक्त डोळ्यांना दिसतही नाही. तीच सिरिंज पुन्हा बाटलीत. दिवसभर, एकेका माणसाच्या रक्ताची, मी त्या बाटल्यांत भर घालत होतो. आणि उरलेलं बायकोला. वीस मिनिटं उकळलेल्या स्वच्छ सुईने.

"बाटली," मी म्हणालो. "सरला, बाटलीतून आलं. मंगळवारची उरलेली बाटली."

तिला सगळं सांगितलं. शामराव आला तेव्हापासून पोटात धरून ठेवलेलं, आणि आत्ता कळलेलं. म्हणालो, मला माहीत नव्हतं, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, सगळीकडे असंच चालायचं. म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोलून बोलून थकलो.

सरलेने मेथीची काडी मोडली. तिच्या बोटांनी ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा मोडली.

"तेव्हा माहीत नव्हतं, ठीक," ती म्हणाली. "आठ दिवसांपूर्वी शामरावभाऊजी त्या ओट्यावर रडत होते, तेव्हा तरी माहीत होतं ना? अंदाज होता ना?"

"होता."

"आणि आत्ता त्या पोरीशी खोटं बोललात, तेव्हा?"

मी जमिनीवरच्या मेथीच्या काड्या गोळा करायला लागलो.

"मला गोळी मिळाली हो. मी जगेन. सांधेही सुधारतील. ज्यांना गोळी मिळाली नाही त्यांची नावं तुमच्या डोक्यात आहेत, आणि तुम्ही ती डोक्यात घेऊन रोज माझी वेणी घालता." ती भिंतीला टेकून, आधार घेत उठली. "उद्यापासून नका घालू. नावं सांगितल्याशिवाय नका घालू."

तिने तेव्हा मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मोबाईल काढला आणि तेजलला परत बोलावलं. ती अजून फाट्यावरच होती.

नावं सांगायला दोन दिवस लागले. मी डोळे मिटून दवाखान्याच्या दारात उभा राहायचो आणि चपला बघायचो. टायरची वहाण. लाल पट्ट्याची स्लीपर. एका पायात पुरुषी, एका पायात बायकी, ती पारूबाई. एकशे त्र्याऐंशी नावं निघाली. तेजल टिपून घेत होती. तिने मला एक शब्द सुनावला नाही, पण काका म्हणणं सोडलं. "पुढचं," एवढंच म्हणायची.

---

पुढच्या मंगळवारी सकाळी मी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून बोललो. सरपंच म्हणाले, डॉक्टरीणबाई बोलतील की. मी म्हटलं नाही. "मी भगवंत इंगळे. सत्त्याऐंशी ते ब्याण्णव या काळात बाजारच्या दिवशी ज्यांनी माझ्याकडून लाल सुई घेतली त्यांनी शाळेच्या पटांगणात रक्त द्यायला यावं. आजार माझ्या सुईतून पसरला. वस्तऱ्यातून नाही. शामराव मानकरचा यात काही दोष नाही." मग भोंगा खरखरला आणि मी तो बंद केला.

तासभर कोणी आलं नाही. तेजल, तिची दोन माणसं आणि तंबूत मांडलेलं ते यंत्र. सरला एका खुर्चीवर. बाजार भरत होता, माणसं लांबून बघत होती.

पहिला शामराव आला. त्यानेही लाल सुया घेतल्या होत्या, सोळा. पटांगणाच्या कडेला त्याने चपला काढल्या आणि रांग लागायची तिथे ठेवल्या. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सवयीने मी कापूस हातात घेतला.

"तुझा हात नको," तो म्हणाला. "आणि माझ्या दारात चहाला येऊ नकोस. पंधरा दिवस माझ्या पोराचं दुकान बंद होतं, भगवंता. तू बशीत चहा ओतून पीत होतास."

मी कापूस खाली ठेवला. तेजलच्या माणसाने त्याचं रक्त घेतलं.

शामरावच्या चपलांमागे हळूहळू चपला लागायला लागल्या. माणसं झाडाखाली बसली. कोणी मला नमस्कार केला नाही. एक जण थुंकला. मी यादी धरून नावं पुकारत होतो, तेवढंच काम मला ठेवलं होतं.

दुपारी धुरपतामावशी आली. ऐंशीच्या पलीकडची, कमरेत वाकलेली, जवळजवळ बहिरी. भोंगा तिला कसा ऐकू येणार? बाजारात कोणीतरी सांगितलं असेल की भगवंता सुया देतोय. माझा चेहरा दिसताच तिचं बोळकं उघडलं.

"भगवंता! लाल सुई आली का रे परत?" तिने दंडावरचा पदर सारला. "तूच टोच बरं का. तुझा हात हलका."

सरला खुर्चीवरून माझ्याकडे बघत होती. मी मावशीच्या कानाशी वाकलो आणि मोठ्याने बोललो. मोठ्याने बोलण्यावाचून इलाजच नव्हता.

"मावशी, सुई द्यायला नाही बोलावलं. त्या लाल सुईतून आजार गेला. माझ्या चुकीने. यकृताचा. इथे बसलेत त्या सगळ्यांना. तुम्हालाही गेला असेल."

दंड तसाच पुढे धरलेला.

"लहान पोरांनाही?"

"हो. पोरांना जास्त."

"माझ्या अंबादासलाही?"

तिच्या लेकाचं रक्त तपासायला आता कोणी यंत्र आणू शकत नव्हतं. पण चार वर्षांचं पोर, अर्धी लाल सुई, दर मंगळवारी. मला यंत्राची गरज नव्हती.

"हो, मावशी. अंबादासलाही."

"म्हणजे तो पीत नव्हता," ती म्हणाली. मग पुन्हा, "शपथा घ्यायचा रे माझ्या गळ्याच्या. आई, मी थेंबही घेत नाही. पोट फुगलं तरी म्हणत होता. मी म्हटलं, खोटारड्या, बापावर गेलास. शेवटी पाणी मागत होता तर मी म्हटलं, जा, गुत्त्यावर जाऊन पी."

तेजलने तिला खुर्चीवर बसवलं आणि रक्त घेतलं. मावशी सुईकडे बघतही नव्हती. मी तिच्या पायाशी बसलो होतो, तिचे पाय धरले होते, काय बोलत होतो मलाच कळत नव्हतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि मला ढकललंही नाही. रक्त घेऊन झाल्यावर काठी टेकत उठली.

घरी जाईल असं वाटलं. ती झाडाखाली गेली. पहिल्यांदा शामरावपुढे उभी राहिली आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाली, "माझा अंबादास दारू पीत नव्हता." शामराव उठून उभा राहिला आणि म्हणाला, "नाही मावशी, नव्हता पीत." मग ती शेजारच्याकडे गेली. "माझा अंबादास दारू पीत नव्हता." मग त्याच्या शेजारची. बसलेल्या एकेका माणसापुढे थांबून, तेच वाक्य, आणि समोरचा होकाराची मान हलवेपर्यंत ती पुढे सरकत नव्हती.

झाडाखाली साठेक माणसं होती. मी यादी डोळ्यांसमोर धरली, पण अक्षरं दिसेनात. सरला उठून माझ्याजवळ आली, यादी तिच्या वाकड्या बोटांत घेतली आणि पुढचं नाव तिने पुकारलं.